अंगठ्याचे चार दाब

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. आणखी थोडे पुढे. माझा आवाज आता फार लांब जात नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ऐकून झाली की माया कशाला म्हणायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. मी मध्ये बोलणार नाही.

मी एक जुना पंप आहे. पेट्रोलचा आहे, पण ज्याच्यापुढे गाड्या रांग लावून उभ्या राहतात तो मी नव्हे. ती बडी असामी. मी आपला मुठीएवढा, गाडीच्या इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांनी धरून राहणारा. पेट्रोलची टाकी असते गाडीच्या मागे आणि इंजिन असते पुढे. मागचे पेट्रोल ओढून पुढे पोचवायचे, एवढेच माझे काम. देवाने कोणाला समुद्र हलवायला सांगितले, कोणाला घोटभर पेट्रोल. दोघांचीही हजेरी तोच घेतो.

एका कारखान्यात मी जन्मलो. ओतीव धातूची दोन शकले, मध्ये कापड आणि रबर यांचा एक लवचीक पडदा, त्याखाली एक स्प्रिंग आणि बाहेर आलेली एक तरफ. इंजिनात एक दांडा फिरत असतो. त्याने माझी तरफ ढकलली की पडदा खाली जायचा आणि मी पेट्रोल ओढून घ्यायचो. स्प्रिंगने पडदा वर लोटला की तेच पेट्रोल पुढे जायचे. ओढ, लोट. ओढ, लोट. तुमच्या छातीतही असेच काही चालते म्हणतात. ते करणारा कारागीर मात्र फार मोठा.

माझ्या पुढे बसायचा कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवायचे काम त्याच्याकडे. माणूस गुणी, पण खाणे अगदी नाजूक. त्याच्याकडे चहाच्या कपाएवढा एक वाडगा होता. वाडगा भरला की आतला तरंगता गोळा वर यायचा आणि सुईसारखा एक खिळा पेट्रोलची वाट बंद करायचा. पुरे म्हणजे पुरे. मग मीही दम धरायचो. वाडगा उतरला की पुन्हा घोटभर द्यायचो. सत्तेचाळीस वर्षे मी त्याला भरवले, पण एकदाही त्याला ठसका लागू दिला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरे, थोडी बढाई आहे.

आमची गाडी घेतली दादांनी. दादा गाऊन कथा सांगायचे. संध्याकाळी एखाद्या दिवाणखान्यात नाही तर शाळेच्या पटांगणात माणसे जमायची. दादा देवाच्या आणि भल्या माणसांच्या गोष्टी सांगायचे, मध्येच गाऊ लागायचे, गाणे ऐन रंगात आले की थांबून लोकांनाच विचारायचे, "मग पुढे काय झालं असेल?" लोक उत्तर द्यायचे आणि दादा हसून वेगळेच काही सांगायचे. गाडीचे दार उघडे असले तर मलाही ऐकू यायचे. मी जे काही शिकलो ते त्या उघड्या दारातून.

माझ्या अंगाला बाहेरून एक छोटी हातदांडी आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ती दाबून आधी थोडे पेट्रोल वर घ्यायचे असते. रोज दाबायची गरज नसते, पण दादा रोज दाबायचे. सकाळी बॉनेट उघडून, उजव्या अंगठ्याने, चार वेळा. टक, टक, टक, टक. आणि चौथ्या दाबाबरोबर त्यांच्या तोंडून त्यांनीच केलेले एक गाणे निघायचे.

"उजेड मागतो ओंजळभर, तेवढाच दे रे दयाळा."

गाण्याला पाच कडवी होती. प्रत्येक कडव्यानंतर हीच ओळ परत यायची. पाचवे कडवे संपेपर्यंत इंजिन गरम झालेले असायचे. मला तर वाटायचे, गाडी त्या गाण्यावरच सुरू होते.

दादा थकले तेव्हा त्यांनी गाडी धाकट्या बहिणीला दिली. तिला सगळी गल्ली आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आत्या परिचारिका होती. खेडोपाडी जाऊन लहान मुलांच्या तोंडात औषधाचे थेंब टाकायचे, हे तिचे काम. मागच्या सीटवर बर्फाची पेटी आणि पुढे आत्या, असे आम्ही किती रस्ते पालथे घातले. आत्या चालवायची जोरात आणि बोलायची त्याहून जोरात. पुढचा ट्रक वाट देईना तर काच खाली करून म्हणायची, "अरे बाबा, मुलं जन्माला येऊन मोठी होतील, तेव्हा पोचू का मी?" त्या वर्षांत फिटर दर वर्षी मला जागेवरच, वरचे झाकण उघडून धुवायचा. "ह्याला काही होत नाही," असे म्हणून पाठीवर एक टिचकी मारायचा. कौतुकाची ती टिचकी मला पुढे वर्षभर पुरायची.

पुढे आत्या निवृत्त झाली आणि दर वर्षीचे धुणे हळूहळू चुकत गेले. माझ्या अंगावर तेलाची आणि धुळीची पुटे चढली. मी चालत होतो ना, मग कोण बघणार?

तीन वर्षांपूर्वी दादांच्या मेंदूला झटका आला. उजवा हात जड झाला आणि शब्द गेले. सगळे गेले. पाणी हवे असेल तर पाणी म्हणता येईना. डोंगरावरच्या शुश्रूषागृहात त्यांना ठेवले. दादांची मुलगी, म्हणजे आत्याची भाची, कपडे कोरडे धुण्याच्या दुकानात कामाला आहे. ती रविवारी बसने वर जायची. आत्याचा दिवस गुरुवार. तिच्या गुडघ्याला बसची उंच पायरी झेपत नाही, म्हणून ती गाडीने जायची.

आणि एका गुरुवारी खोलीत नवलच घडले. आत्या सहज गुणगुणली, "उजेड मागतो ओंजळभर," आणि दादांनी पुढचे गायले, "तेवढाच दे रे दयाळा." बोलता न येणारा माणूस गायला. स्वच्छ, सुरात. आत्याने गाडीत बसून मला, म्हणजे गाडीला, सगळे सांगितले. त्यानंतर दर गुरुवारी ती अर्धी ओळ म्हणायची आणि दादा अर्धी. भाची आपल्याला सूर नाही म्हणून गायची नाही, त्यामुळे रविवारी गाणे व्हायचे नाही. असे करत पाचही कडवी परत आली. आत्या सांगायची, "शब्दांची वाट बंद झाली, पण गाण्याची मागची वाट अजून उघडी आहे. रोज नाही तर निदान आठवड्यातून एकदा त्या वाटेने चालायला हवं, नाहीतर तिथेही गवत उगवेल."

आणि नेमके इथेच माझे चुकू लागले, मित्रांनो.

शुश्रूषागृहाकडे जायचा रस्ता घाटाचा. उन्हाळा कडक. मी इंजिनाला चिकटून बसलेलो, त्यामुळे चढावर मी इतका तापायचो की माझ्या पोटातले पेट्रोल उकळून त्याची वाफ व्हायची. वाफ ओढून कोणाची तहान भागली आहे? मी जीव तोडून ओढ, लोट करायचो, पण पुढे काही जायचे नाही. कार्ब्युरेटर वाडगा रिकामा करून बसायचा. इंजिन दोन आचके द्यायचे आणि घाटाच्या चौथ्या वळणावर गाडी उभी. मग आत्या खाली उतरून माझ्या अंगावर ओला पंचा टाकायची, बाटलीतले पाणी शिंपडायची आणि दगडावर बसून वाट बघायची. मी निवलो की पुढे जायचे. पण तोवर भेटीची वेळ टळून गेलेली असायची.

असे तीन गुरुवार वाया गेले. चौथ्या वेळी आत्या पोचली, तेव्हा दादांना कडवी आठवेनात. एकही नाही. फक्त ती परत परत येणारी एक ओळ उरली होती.

त्याआधीच्या आठवड्यात, म्हणजे वाया गेलेल्या तिसऱ्या गुरुवारी, कोणीतरी भाचीला फोन करून सांगितले होते, तुमची आत्या उन्हात दगडावर बसली आहे. भाची एका दुधाच्या टेम्पोतून वर आली. हातात छत्री, कपाळावर आठ्या.

"आत्या, तू सत्तर वर्षांची आहेस."

"एकाहत्तर. वय चोरायची सवय मला नाही."

"चेष्टा नको. इथे चक्कर येऊन पडली असतीस तर? बाबा वर, तू खाली दरीत, आणि मी काय दोघांच्या मध्ये खेपा घालू?"

मग भाची हळूच म्हणाली, "अजून एकदा. अजून एकदा ही घाटात बंद पडली, तर विकायची. शब्द दे मला."

आत्याने माझ्या अंगावरचा पंचा काढून पिळला. घडी घातली. "दिला," ती म्हणाली.

मला त्या भाचीचा राग आला. खरे सांगायचे तर फारच राग आला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. त्याने माझ्या नळीत दाब मोजायचे घड्याळ लावले, इंजिन सुरू केले आणि काटा बघितला. साडेतीन पौंड. "ह्याचा दोष नाही, आत्या," तो म्हणाला. "जागेचा दोष आहे. भट्टीला टेकवून बसवलं आणि थंड राहा म्हटलं, तर कोण राहील? आपण विजेवर चालणारा पंप घेऊ. तो मागे टाकीजवळ, सावलीत बसेल. ओढायचं नाही, मागून ढकलायचं. ढकललेल्या पेट्रोलची सहजासहजी वाफ होत नाही."

आम्ही तिघे सुट्या भागांच्या दुकानात गेलो. म्हणजे ते दोघे सीटवर बसून आणि मी इंजिनाला लटकून. गाडी दुकानासमोर बॉनेट उघडून उभी केली, त्यामुळे मला एकूण एक शब्द ऐकू आला. दुकानदाराने दोन खोकी आणून मडगार्डवर ठेवली.

"ताई, हा घ्या," मोठ्या खोक्यावर हात ठेवून तो म्हणाला. "ह्याला दम आहे. चाळीस पौंडाच्या वर दाब. नव्या गाड्यांना हाच लागतो. एकदा बसवला की विसरून जा."

"आणि हा?"

"हा गरीब आहे. तीन, साडेतीन, फार तर चार पौंड."

"आपला जुना साडेतीनच देत होता," फिटर म्हणाला. "कार्ब्युरेटरला एवढंच लागतं."

"पण जास्त असलेलं काय वाईट?" दुकानदार म्हणाला. "ताकद कधी वाया जात नाही."

आत्याने चष्मा कपाळावर चढवला. मला ते लक्षण ओळखीचे होते. आता कोणाची तरी शिकवणी होणार.

"हे बघा, बत्तीस वर्षं मी लहान मुलांना थेंब पाजले. प्रत्येक गावात एक तरी आई म्हणायचीच, दोन थेंबांनी काय होतं, चार घाला, माझं बाळ दणकट आहे. मी काय करायचे सांगा?"

"काय?"

"दोनच घालायचे. फिटर, ह्या कार्ब्युरेटरचा वाडगा केवढा?"

फिटरने बोटांनी कप दाखवला.

"मग कपभर पिणाऱ्याच्या तोंडात नळ कशाला सोडायचा? ती सुई बिचारी चाळीस पौंड अडवील का? पेट्रोल वाडग्यातून वर येईल आणि तापलेल्या इंजिनावर सांडेल."

"दाब कमी करायचा व्हॉल्व्ह मिळतो ना त्याला."

"म्हणजे आधी ओरडणारा माणूस घरी आणायचा आणि मग दिवसभर त्याच्या तोंडावर हात ठेवून बसायचं."

दुकानदार हसला. "ताई, तुम्ही काउंटरच्या ह्या बाजूला बसायला या."

"येईन. पण आधी सांगा, गाडी कुठे धडकली आणि इंजिन बंद पडलं, तर हा गरीब काय करील?"

"तो चालूच राहणार. विजेवर आहे ना," दुकानदार अभिमानाने म्हणाला.

"आणि फुटलेल्या नळीतून रस्त्यावर पेट्रोल ओतत बसणार."

दुकानदाराने खोके उलटून त्यावरचा मजकूर वाचला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. फिटर म्हणाला, "त्याला एक स्विच लावतो, आत्या. इंजिनाच्या तेलाचा दाब उतरला की ह्याची वीज तुटेल. इंजिन थांबलं की हाही थांबेल. आणि ह्याच्या तोंडाशी एक गाळणी देतो, टाकीतला गाळ जाऊ नये म्हणून."

"बस. गरीबच द्या," आत्या म्हणाली, आणि खोके काखेत घेऊन गुणगुणू लागली, तेवढाच दे रे दयाळा.

तो नवा टाकीजवळ बसला. किल्ली फिरवली की टिकटिक करायचा, आणि वाडगा भरला की टिकटिक संथ व्हायची. आत्याने त्याचे नावच टिकटिक्या ठेवले. स्वभावाने गुणी निघाला. मला भाऊच मिळाला असे म्हणा ना.

मग फिटरने पाना माझ्या बोल्टाला लावला. "आता ह्याला काढतो आणि त्या भोकावर एक पट्टी मारतो."

"काढायचाच का?" आत्याने विचारले. इतका वेळ ठणठणीत बोलणारी बाई, तिचा आवाज एकदम बारीक झाला. "दादाचा अंगठा पडलाय रे त्याच्यावर. रोज सकाळी."

फिटरने माझ्याकडे पाहिले. मग पाना खाली ठेवून म्हणाला, "राहू दे. माझाही हात होत नाही. पेट्रोल ह्याच्यातून पुढे जाईल. ह्याने काही करायचं नाही, नुसतं बसून राहायचं." आणि त्याने पाठीवर टिचकी मारली.

मित्रांनो, त्या दिवशी मी किती सुखावलो म्हणून सांगू. मला काढले नाही. मी हवा आहे. मला माहीत होते की माझा पडदा विरला आहे, स्प्रिंगपाशी त्याला एक चुणी पडली आहे. पण सुखावलेला माणूस आपल्या चुणीकडे बघत नाही, आणि पंपही बघत नाही.

पुढचे दोन गुरुवार सोन्याचे गेले. घाट आम्ही गाणे म्हणत चढलो. चौथे वळण आले आणि मागे गेले. त्यातल्या दुसऱ्या गुरुवारी दादांना एक कडवे आठवले. आत्याने परतताना तीन वेळा हॉर्न वाजवला, कोणी समोर नसताना.

तिसऱ्या गुरुवारी उतारावर माझा पडदा फाटला.

पूर्वी मी स्वतः ओढत होतो, तेव्हा पडदा फाटला असता तर गाडीच थांबली असती. सगळ्यांना कळले असते. आता मागून टिकटिक्या ढकलत होता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक पुढे काय झाले आहे? त्याने पाठवलेले पेट्रोल बरेचसे पुढे जायचे आणि थोडे माझ्या फाटक्या पडद्यातून खाली इंजिनाच्या तेलात झिरपायचे. थेंब, थेंब. तेल म्हणजे इंजिनाचे वंगण. त्यात पेट्रोल मिसळले की ते पाण्यासारखे पातळ होते आणि लोखंडावर लोखंड घासू लागते.

असे काही झाले तर बाहेर कळावे, म्हणून माझ्या बुडाला कारागिराने एक बारीक छिद्र ठेवलेले असते. पडदा फाटला की त्यातून एक थेंब बाहेर येतो. तोच माझा आवाज. पण त्या छिद्रावर कित्येक वर्षांची पुटे चढली होती. मी थेंब लोटायचो आणि थेंब आतच जिरायचा. ज्या गाडीसाठी जन्म काढला तिलाच मी आतून बुडवत होतो, आणि सगळे मला प्रेमाने बघत होते. देवा, मी मनात म्हणायचो, कोणीतरी माझा राग करा. कोणीतरी मला काढा.

पुढचा गुरुवार आला. भाचीच्या दुकानाचा बॉयलर दुरुस्तीला होता, म्हणून तीही आत्याबरोबर निघाली. निघण्याआधी तिने बॉनेट उघडले.

"तेल बघितलंस?"

"दर महिन्याला बघते. कमी झालेलं नाही."

भाचीने तेल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, परत घातली, परत काढली. "आत्या, खूण इथे आहे. तेल बघ कुठे आहे."

"वर आहे ना? बरंच झालं. ह्या गाडीत काहीतरी वाढतंय."

"तेल वाढत नसतं, आत्या. ते काय दूध आहे उतू यायला?" तिने पट्टी नाकाशी नेली. दोनदा हुंगली. मग पिशवीतून दुकानातले एक पांढरे फडके काढले आणि पट्टीवरचा थेंब त्यावर पडू दिला. दोघी वाकून बघत राहिल्या.

"हे बघ," भाची म्हणाली. "रोज हेच बघते मी. तेलाचा डाग जागेवर बसतो. हा पळतोय. मध्ये काळा, आणि बाहेर हे फिकं कडं चाललंय पसरत. ह्यात पेट्रोल आहे."

"मग आता?"

"आता जायचं नाही."

"आज गुरुवार आहे," आत्या म्हणाली. "एक कडवं आलंय त्याला परत. आज नाही गेलो तर तेही जाईल."

"माहीत आहे मला. ते माझे बाबा आहेत." भाचीने बॉनेटच्या कडेवर हात ठेवला. "म्हणूनच जायचं नाही. फिटरना बोलाव."

फिटर आला. त्याने फडके बघितले, पट्टी हुंगली, आणि सरळ माझ्याकडे वळला. दोन्ही बोल्ट सुटले. सत्तेचाळीस वर्षांनी मी मोकळ्या हवेत आलो. त्याने मला उघडले आणि माझा पडदा उन्हाकडे धरला. चिरेतून त्याच्या नाकावर उजेडाची एक रेघ पडली.

"घाट चढायला लागला असतात, तर पातळ तेलाचा दाब उतरला असता," तो म्हणाला. "स्विचने पंप बंद केला असता. ऐन चढावर. आणि तसंच दामटलं असतं तर इंजिन गेलं असतं. चूक माझी आहे."

"मीच म्हटलं होतं ना राहू दे," आत्या म्हणाली.

"तुम्ही मायेने म्हटलंत. मी फिटर आहे. नाही म्हणणं माझं काम होतं." त्याने खाली बघून पाना पुसला. "इतकी वर्षं टिचक्या मारल्या ह्याला, पण ह्याच्या बुडाचं भोक कधी साफ केलं नाही."

माझ्या जागी पट्टी बसली. नवी नळी टिकटिक्याकडून थेट कार्ब्युरेटरला गेली. जुने तेल काढून नवे भरले. दुपारचे तीन वाजले. आत्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर.

"शब्द दिला होता मी तुला," ती भाचीला म्हणाली. "विकायची का?"

भाची हात धूत होती. "घाटात बंद पडली तर, असं ठरलं होतं. ही घरासमोर उभी होती. आणि बंद पडली नाही, आपण थांबवली. चल, उठ. भेटीची वेळ पाचपर्यंत आहे."

निघताना तिने मला उचलले. फिटरने मला पुसून, फाटका पडदा आत ठेवूनच परत जोडले होते. तिने मला त्या डागाच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतले. आयुष्यात पहिल्यांदा मी घाट बघितला. इतकी वर्षे चढत होतो, पण बॉनेटखालून काय दिसणार? चौथ्या वळणावर आत्याचा तो दगड दिसला. त्यावर एक सरडा ऊन खात बसला होता. आम्ही थांबलो नाही.

दादा खिडकीशी बसले होते. भाचीने फडके सोडून मला त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी खाली पाहिले. मग तो जड उजवा हात, जो तीन वर्षे घास उचलत नव्हता, हळूहळू सरकत माझ्याकडे आला. अंगठा चाचपडला आणि हातदांडी सापडली.

टक.

पडदा फाटलेला होता, पण स्प्रिंग शाबूत होती. मी सगळा जीव त्या स्प्रिंगमध्ये आणला.

टक. टक.

आत्याने गाण्यासाठी तोंड उघडले होते. भाचीने तिच्या हातावर हात ठेवला.

टक.

"उजेड मागतो ओंजळभर," दादा गायले. पहिली अर्धी ओळ. तीन वर्षांत त्यांनी कधी सुरुवात केली नव्हती. सुरुवात नेहमी आत्याची असायची. आत्याला सूर लागेना, म्हणून उरलेली अर्धी ओळ भाचीने म्हटली. तिचा आवाज फार काही चांगला नाही. पण तेवढाच पुरला.

आता मी दादांच्या खिडकीत असतो. गुरुवारी अंगठ्याचे चार दाब आणि मग गाणे. दुसरे कडवे परत आले आहे, तिसऱ्याची अर्धी ओळ आली आहे. खाली अंगणात गाडी थांबली की टिकटिक्याची टिकटिक मला ऐकू येते. त्याच्या तोंडची गाळणी भाची वेळच्या वेळी बदलते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, तिचे कौतुक करा, पण तिच्या बुडाचे छिद्रही मोकळे ठेवा. तिला बोलता येत नाही, ती तेवढ्यातूनच बोलते. आणि तिचे काम सरले असेल तर तिला हलकेच उतरवून घ्या. त्यात तिचा अपमान नाही. मी सांगतो ना.

माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल. पण ज्या भाचीवर मी फुकटचा रागावलो तिची आठवण ठेवा. बाप वर वाट बघत होता, आणि ती गाडीपाशी वाकून तेलाची पट्टी दोनदा हुंगत होती.